चांदोबा कुठाय? : एका प्रश्नावलीचं वाचन



समीक्षेसाठी आपण सहसा कादंबरी घेतो, नाटक घेतो, फार तर चित्रपट. आज आम्ही एक फॉर्म घेऊन आलो आहोत. वीस प्रश्न, आणि प्रत्येकापुढे 'हो' आणि 'नाही' अशा दोन चौकटी. भरायला पाच मिनिटं पुरतात. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलाच्या आईवडिलांनी तो भरायचा आणि त्यांच्या उत्तरांवरून त्या मुलात ऑटिझमची, म्हणजे मराठीत आपण जिला स्वमग्नता म्हणतो तिची, शक्यता किती याचा पहिला अंदाज घ्यायचा. या फॉर्मचं नाव एम-चॅट. डायना रॉबिन्स, डेबोरा फाइन आणि मारियान बार्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो तयार केला, २००१ साली प्रसिद्ध केला आणि पुढे सुधारला. आज तो कितीतरी भाषांत गेलेला आहे आणि आपल्या शहरांतल्या दवाखान्यांतही दिसतो.

आम्ही म्हणजे काही पालक, बालवाडीच्या एक ताई आणि वाचा-उपचार करणारी एक मैत्रीण. आमच्यात डॉक्टर कुणी नाही. महिन्यातून एकदा भेटतो, बोलतो, एकमेकांची कागदपत्रं वाचतो. हा कागद आमच्यापुढे आला तो आमच्यातल्याच एकीमुळे. तिचा मुलगा वीस महिन्यांचा असताना तिने हा फॉर्म एका दवाखान्याच्या बाकावर बसून भरला होता. गुण आला एक. शून्य ते दोन म्हणजे शक्यता कमी. 'काही नाही, सगळं छान आहे,' असं तिला सांगण्यात आलं. मुलगा पावणेचार वर्षांचा झाल्यावर त्याच्या स्वमग्नतेचं निदान झालं. तिने तो जुना फॉर्म जपून ठेवलेला होता. एका बैठकीला ती तो घेऊन आली आणि आमच्यापुढे ठेवून तिने विचारलं, "यातलं मी खोटं काय लिहिलं, ते मला कुणीतरी सांगा."

आजचं सगळं बोलणं म्हणजे तिच्या या प्रश्नाला शोधलेलं उत्तर आहे. ते आधीच सांगून टाकतो. तिने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. आणि फॉर्मही तसा खोटा नाही. हा फॉर्म म्हणजे एका संभाषणाचं पहिलं वाक्य आहे, आणि आपण ते वाक्य उच्चारून उठून जातो. आमची तक्रार ही आहे.

आता जरा मागे जाऊ. स्वमग्नतेच्या वैद्यकीय इतिहासाची सुरुवातच एका पालकाच्या लिखाणाने झाली. १९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या एका वकिलाने आपल्या पाच वर्षांच्या मुलाबद्दल, डोनाल्डबद्दल, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या डॉ. लिओ कॅनर यांना एक टाइप केलेलं टिपण पाठवलं. किती पानांचं? तेहतीस! मुलगा काय खातो, काय फिरवत बसतो, कुठले शब्द कुठल्या वेळी म्हणतो, सगळं त्यात होतं. १९४३ साली कॅनर यांनी अकरा मुलांवरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात पहिला मुलगा हाच. त्या निबंधात कॅनर या टिपणाबद्दल दोन गोष्टी एका दमात म्हणतात: वडिलांनी नको इतके बारकावे लिहिले आहेत, पण माहिती उत्कृष्ट आहे. पालकाचं सांगणं उपयोगी पडतं आणि तेच खटकतंही, हे तिथूनच सुरू झालं.

पुढे काय झालं ते आपल्याला माहीत असायला हवं. कॅनर यांनी याच आईबापांच्या स्वभावातल्या कोरडेपणाचीही नोंद केली होती. तिचा पुढे विपर्यास होत होत 'थंड आई'चा सिद्धान्त उभा राहिला. आईने माया केली नाही म्हणून मूल असं झालं, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. साक्षीदार होती तीच आरोपी झाली. हा सिद्धान्त मोडायला ज्यांनी मोठा हातभार लावला ते बर्नार्ड रिमलंड मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही होते. १९६४ च्या त्यांच्या पुस्तकाच्या शेवटी एक प्रश्नावली जोडलेली होती. पालकांनी ती भरायची आणि त्यांना पाठवायची. देशभरातून पालकांनी भरून पाठवल्या. म्हणजे या क्षेत्रातली पालकांची प्रश्नावली एका पालकानेच रुजवली. तिचा अर्थ होता: यांना विचारा, यांना माहीत आहे.

म्हणून प्रश्नावली म्हटली की नाक मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. दहा मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरांना मूल दिसतं ते रडणारं, नाहीतर झोपलेलं. आईला ते चोवीस तास दिसतं. शिवाय मनात शंका असलेल्या आईला ती बोलून दाखवायला निमित्त लागतं. घरात सासूबाई म्हणतात, 'मुलगे उशिराच बोलतात', नवरा म्हणतो, 'मीही तीन वर्षांचा झाल्यावर बोललो'. अशा घरात छापील प्रश्न तिच्या बाजूने उभा राहतो. हे श्रेय फॉर्मला द्यायलाच हवं.

आता मजकुराकडे येऊ. वीस प्रश्नांपैकी तीनच आम्ही घेणार आहोत. आमच्या मैत्रिणीचा फॉर्म आम्ही ओळीओळीने वाचला तेव्हा अडखळलो ते याच तीन ठिकाणी.

पहिला प्रश्न बोट दाखवण्याचा. फॉर्म इथे हुशार आहे. तो बोट दाखवण्याचे दोन प्रकार वेगळे विचारतो. एक, हवं आहे म्हणून बोट दाखवणं: वरच्या फळीवरचं बिस्कीट. दुसरं, नुसतं दाखवायचं म्हणून बोट दाखवणं: आकाशातलं विमान, रस्त्यावरचा मोठा ट्रक. दुसऱ्यात मुलाला काहीच नको असतं. 'तूही बघ' एवढंच त्याला म्हणायचं असतं. स्वमग्न मुलांत हे दुसरं बोट उशिरा येतं किंवा येत नाही, म्हणून तो प्रश्न मोलाचा. पण आपल्याकडे मुलं वाढतात कशी? कडेवर घेतलं की आपण सुरू करतो: चिऊ कुठाय? काऊ कुठाय? चांदोबा कुठाय? आणि मूल बोट वर करतं. सगळे टाळ्या वाजवतात. हे तिसरं बोट आहे. विचारल्यावर दाखवलेलं, शिकवलेलं, कौतुकाने पक्कं झालेलं. फॉर्मला हवंय ते न विचारता, आपणहून दाखवलेलं बोट. आमच्या मैत्रिणीने 'हो' वर खूण केली होती. आम्ही विचारलं, काय आठवून केलीस? ती म्हणाली, "चांदोबा दाखवायचा ना तो. रोज रात्री." तिने खरंच लिहिलं होतं. प्रश्नातला 'आपणहून' हा अर्थ तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

दुसरा प्रश्न नावाचा. नाव घेतल्यावर मूल बघतं का? आता मराठी घरात मुलाला नावं किती! बारशाचं एक, आजीचं एक, शिवाय सोन्या, बाळा, राजा. 'नाव घेतल्यावर बघतो का' हे वाक्य भाषांतरात बरोबर आहे, पण आई ते असं बोलत नाही. ती म्हणते, 'हाकेला ओ देतो का'. बोलता न येणारं मूलही हाकेला ओ देतं, मान वळवून, हसून. आमच्या बालवाडीच्या ताईंनी मैत्रिणीला याच शब्दांत विचारलं, "पाठमोरा असताना, हातात काही नसताना, नुसती हाक मारली तर ओ द्यायचा का?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नाही. मोबाइलचं गाणं लावलं की वळायचा. मला वाटलं, खेळात रमलाय." फॉर्मच्या सूचनेत एक ओळ आहे: एखाद्-दोनदाच पाहिलं असेल, नेहमी करत नसेल, तर 'नाही' म्हणा. कागदावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ ती, आणि ती प्रश्नांच्या वर आहे, जिथे कुणाची नजर थांबत नाही. आपण आई आहोत. एकदा जरी पाहिलं असेल तरी आपण 'हो' म्हणतो. एकदा का होईना, केलं होतं की त्याने!

तिसरा प्रश्न लुटुपुटीच्या खेळाचा. रिकाम्या कपातून प्यायचं नाटक, बाहुलीला भरवणं, खोटा फोन. इथे चूक उलट्या बाजूनेही होते. वस्तीतल्या एका आईने आमच्या ताईंना सरळ 'नाही' सांगितलं. का? "खेळणी कुठं आहेत आमच्याकडं?" आणि तिथेच तिची मुलगी रिकामी वाटी आजीच्या तोंडाला लावून 'आऽ कर' म्हणत होती. ते आईच्या लेखी खेळ नव्हतं, लाड होते. म्हणजे एका घरात चांदोबाच्या बोटाने मूल सुटून गेलं आणि दुसऱ्या घरात 'खेळणं' या शब्दाने विनाकारण अडकलं. दोन्हीकडे मूल जसं होतं तसंच होतं. घोटाळा वाक्याचा होता.

आणखी एक गंमत सांगतो, कारण ती या मजकुराच्या रचनेतली आहे. वीसपैकी सतरा प्रश्नांना 'नाही' म्हटलं की गुण वाढतो. तीन प्रश्न उलटे आहेत, तिथे 'हो' म्हटलं की वाढतो: मूल बहिरं असेल अशी शंका कधी आली का, डोळ्यांजवळ बोटांच्या विचित्र हालचाली करतं का, आणि रोजच्या आवाजांनी बिथरतं का. आता एखाद्या बाईने न वाचता सगळीकडे 'हो' केलं तर गुण किती होतील? बरोबर तीन. आणि तीन म्हणजे मध्यम शक्यता, पुढे विचारायला हवं. म्हणजे डोळे मिटून 'हो' म्हणणारी या फॉर्ममध्ये सापडते. पण समोर नर्सबाई उभी आहे, मागे रांग आहे, अशा वेळी आपल्या बाया डोळे मिटून 'हो' म्हणत नाहीत. त्या चांगलं उत्तर शोधतात. 'बहिरा वाटला का?' 'छे हो!' 'बोटं विचित्र हलवतो का?' 'नाही बाई!' गुण शून्य. फॉर्म निष्काळजी आईला पकडतो. घाबरलेली आई मात्र त्यातून निसटते.

मग हे बनवणाऱ्यांना कळलं नव्हतं का? कळलं होतं. आणि इथे आमच्या वाचनाला वळण मिळतं.

या फॉर्मचा पूर्वज ब्रिटिश होता. नाव नुसतं 'चॅट'. १९९२ साली सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला, दीड वर्षाच्या मुलांसाठी. त्याचे दोन भाग होते. एका भागात पालकांना नऊ प्रश्न. दुसऱ्या भागात आरोग्यसेविका किंवा डॉक्टरने स्वतः मुलाबरोबर करून बघायच्या पाच गोष्टी. त्यातली एक ऐका: मुलाला विचारायचं, 'दिवा कुठाय?' म्हणजे आपलं 'चांदोबा कुठाय'च की! पण त्यासोबत एक अट होती. बोट दाखवताना मुलाने तुमच्या तोंडाकडेही बघितलं पाहिजे, तरच 'हो'. बोट आणि नजर दोन्ही हवं. आमच्या मैत्रिणीच्या मुलाने चांदोबा दाखवला असता, पण तिच्याकडे वळून बघितलं असतं का, हे त्या वेळी कुणी पाहिलंच नाही.

ब्रिटनमध्ये आरोग्यसेविका घरी येत असे. अमेरिकेत तशी व्यवस्था नव्हती. म्हणून फॉर्म तिकडे गेला तेव्हा बघण्याचा भाग गळला आणि सगळं पालकांच्या सांगण्यावर आलं. त्याची भरपाई म्हणून एक दुसरी पायरी जोडली गेली: पाठपुराव्याची मुलाखत. गुण तीन ते सात आला, तर चुकलेल्या प्रत्येक प्रश्नावर पालकांशी पुन्हा बोलायचं. उदाहरण मागायचं. 'मागच्या वेळी केव्हा केलं?' 'तुमच्याकडे बघून केलं का?' आठ किंवा जास्त आला, तर थेट तज्ज्ञांकडे. मूळ रचनेत हा कागद एकटा नाहीच.

धान्य निवडणाऱ्या घरात हे सहज समजेल. आधी चाळतो, मग पाखडतो, मग ताटात घेऊन एकेक खडा निवडतो. फॉर्म म्हणजे चाळण. मुलाखत म्हणजे सूप. त्याला हात लागतो, सवय लागते. आणि तज्ज्ञांचं निदान म्हणजे ताटात घेऊन निवडणं. चाळणीखाली पडलं ते सगळं टाकून द्यायचं नसतं आणि वर राहिलं ते सगळं खडे नसतात.

आकडे बघू. २०१४ साली मूळ लेखिकांनी अमेरिकेतल्या १६,०७१ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. फॉर्म आणि मुलाखत या दोन्ही पायऱ्यांवर अडकलेल्या मुलांपैकी ४७.५ टक्के मुलांत स्वमग्नता निघाली, आणि ९४.६ टक्के मुलांत विकासातला काही ना काही विलंब किंवा काळजीचं कारण. फार चांगला आकडा आहे. पण तो अडकलेल्यांचा आहे. जी सुटली त्यांचं पुढे काय झालं, हे कळायला सगळ्या मुलांच्या मागे वर्षानुवर्षं राहावं लागतं. तसा अभ्यास २०१९ साली फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाच्या दवाखान्यांतून आला. जवळजवळ २६,००० मुलं, रोजच्या धावपळीतले दवाखाने, आणि चार ते आठ वर्षांच्या वयापर्यंतच्या नोंदी. तिथे काय दिसलं? पुढे स्वमग्नतेचं निदान झालेल्या शंभर मुलांपैकी फॉर्मने साधारण ३९ पकडली होती. आणि फॉर्मने अडकवलेल्या शंभरातल्या साधारण १५ मुलांत स्वमग्नता निघाली. गोरेतर आणि गरीब घरांतल्या मुलांच्या बाबतीत फॉर्म आणखी कमी विश्वासाचा ठरला. ब्रिटिश पूर्वजाचीही कथा तीच. २००० साली सोळा हजारांवर मुलांचा सहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला, त्यात शंभरातली ३८ पकडली गेली होती.

शंभरातली साठएक मुलं चाळणीतून निसटतात. आमच्या मैत्रिणीचा मुलगा त्या साठांतला. हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिने दोन वर्षं रात्री जागून स्वतःला दोष दिला नसता. 'शक्यता कमी' याचा अर्थ 'काही नाही' असा होत नाही, हे एक वाक्य तिला सांगायला हवं होतं. ते फॉर्मवर नव्हतं आणि फॉर्म परत घेणाऱ्याच्या तोंडीही नव्हतं.

उलट बाजूचं गणितही सोपं आहे. समजा, एक हजार मुलं आहेत आणि त्यांत दहा स्वमग्न आहेत. चाळणीने दहातली आठ पकडली, म्हणजे चाळण उत्तमच म्हणायची. उरलेल्या ९९० पैकी फक्त पाच टक्के चुकून अडकली, म्हणजे साधारण पन्नास. आता अठ्ठावन्न आईबापांना आपण 'पुढे तपासा' सांगितलं. त्यांतल्या पन्नासांच्या मुलांना स्वमग्नता नाही. ही चाळणीची चूक नाही, दुर्मीळ गोष्ट शोधताना हे होणारच. पण त्या पन्नास घरांत काय होतं ते गणितात येत नाही. म्हणून अमेरिकेतही या बाबतीत एकमत नाही. तिथली बालरोगतज्ज्ञांची संघटना अठरा आणि चोवीस महिन्यांवर सगळ्या मुलांची चाळणी करा म्हणते. प्रतिबंधक आरोग्यसेवांवर सल्ला देणाऱ्या तिथल्या कृतिगटाने २०१६ साली सांगितलं की, ज्यांच्याबद्दल कुणालाच शंका नाही अशा सगळ्या मुलांची चाळणी करावी की नाही हे ठरवायला पुरावा अपुरा आहे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे चाळणीची सरकारी व्यवस्था आहे, आणि तिची सुरुवात महाराष्ट्रातून झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला. फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, तीसएक प्रकारचे आजार आणि दोष बघतं, त्यांत स्वमग्नताही आहे, आणि गरज पडली तर जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतं. आशाताईंचंही काम आहे. २०१८ पासून त्या लहान मुलांच्या घरी ठरावीक भेटी देतात: तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. नीट ऐका, पंधराव्या. आणि आपला फॉर्म लागू होतो सोळाव्या महिन्यापासून! ब्रिटनमध्ये होती आणि अमेरिकेत नव्हती अशी घरी येणारी बाई आपल्याकडे आहे. पण जेव्हा विचारायची वेळ येते, बरोबर त्याच्या आधीच्या महिन्यात तिचं येणं संपतं.

त्यानंतर मूल आरोग्यसेविकेसमोर येतं ते सोळा ते चोवीस महिन्यांच्या लसीला. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा बूस्टर. मूल कळवळून रडत असतं, बाहेर रांग असते. तिथे वीस प्रश्न विचारायचे? काहीजण म्हणतात, विचारा, तेवढीच एक भेट हातात आहे. आम्हाला भीती वाटते. लसीमुळे स्वमग्नता येते ही अफवा ज्या १९९८ च्या शोधनिबंधातून पसरली, तो २०१० साली नियतकालिकानेच मागे घेतला. तरी ती अफवा मरत नाही, कारण लसीचं वय आणि लक्षणं नजरेत भरण्याचं वय एकच आहे. सुई टोचताना स्वमग्नतेचे प्रश्न विचारले, तर आईच्या मनात दोन्हींची गाठ आपणच मारून देऊ.

आणि भाषा. मराठी फॉर्म केला म्हणजे काम झालं असं आपल्याला वाटतं. धडगावच्या पाड्यावर पावरी बोलणाऱ्या आईला तो मराठी फॉर्मही परकाच. तिथे सेविका मनातल्या मनात भाषांतर करून विचारते, म्हणजे प्रत्येक घरी फॉर्म नवा. मूल अडकलं, तर नंदुरबारला न्यायचं. एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं, आणि तिथे गेल्यावर 'पुढच्या महिन्यात या'. ती आई दुसऱ्यांदा जाईल का? आणि नाही गेली, तर नोंद कशी होते? 'पालकांचं सहकार्य नाही.' बघा, साक्षीदार पुन्हा आरोपी झाली.

मग विचारायचंच नाही का? विचारायचं. पण कसं विचारायचं, याची दुसरी एक रीत आहे. तुर्कस्तानात अंकारा इथे बालरोगतज्ज्ञ इल्गी एर्टेम यांनी मुलांच्या विकासावर लक्ष ठेवण्याची एक पद्धत बसवली. तिच्यात हो-नाहीच्या चौकटी नाहीत, मोकळे प्रश्न आहेत. मूल काय काय समजून घेतं, काय हवंय ते कसं सांगतं, माणसांशी कसं वागतं, कसं खेळतं, ते आईनेच आपल्या शब्दांत सांगायचं. अर्जेंटिना, भारत, दक्षिण आफ्रिका आणि तुर्कस्तान या चार देशांतल्या मुलांवर तिचा मोठा अभ्यास झाला, त्यात मुंबईही होती. ती पद्धत खास स्वमग्नतेसाठी नाही, म्हणून एम-चॅटची जागा ती जशीच्या तशी घेऊ शकत नाही. पण तिच्यातली रीत घेण्यासारखी आहे. 'बोट दाखवतो का?' असं विचारलं की 'हो' येतं. 'त्याला काही गंमत दिसली तर तो तुम्हाला कसं सांगतो?' असं विचारलं की गोष्ट येते. आणि गोष्टीत चांदोबाचं बोट कुठलं आणि विमानाचं बोट कुठलं, ते ऐकणाऱ्याला कळतं.

पण ऐकायला वेळ लागतो, माणसं कुठून आणायची, असं लगेच विचारलं जातं. त्याला उत्तर आपल्या शेजारी गोव्यातच आहे. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून एक चाचणी झाली, २०१६ साली प्रसिद्ध झाली. ६५ स्वमग्न मुलं. तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी आईवडिलांबरोबर काम केलं: मुलाकडे बघायला, त्याच्या लयीत जायला, त्याला आपणहून बोलू द्यायला शिकवलं. आईवडिलांचं मुलाशी जुळवून घेणं स्पष्ट सुधारलं आणि मुलंही आपणहून जास्त संवाद साधू लागली. अभ्यास छोटा आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण पदवी नसलेला माणूस हे काम शिकू शकतो, एवढं त्याने दाखवलं. पुढचं अवघड काम जर असा कार्यकर्ता करू शकतो, तर आधीचं ऐकण्याचं काम आशाताई का करू शकणार नाहीत? अर्थात त्या कामाचे पैसे त्यांना मिळाले पाहिजेत. फुकटात आणखी एक रजिस्टर त्यांच्या डोक्यावर नको.

तेव्हा आमचं म्हणणं थोडक्यात असं. एक, मुलाखतीशिवाय हा फॉर्म वापरू नये; वेळ नसेल तर निदान बोट, हाक आणि लुटुपुटीचा खेळ या तीन जागी उदाहरण मागावं. दोन, गुण कमी आला तरी आईला सांगावं की ही चाळण आहे, निर्वाळा नाही. सहा महिन्यांनी पुन्हा विचारू, आणि तुला मध्येच काही वाटलं तर तुझं वाटणं या कागदापेक्षा मोठं समज. तीन, आशाताईंच्या भेटी पंधराव्या महिन्यात संपू नयेत. अठराव्या आणि चोविसाव्याला त्या घरी गेल्या, आणि मूल स्वतःच्या ओट्यावर खेळत असताना दहा मिनिटं बसल्या, तर तेहतीस पानांतलं एखादं पान तरी ऐकू येईल.

चौथं म्हणणं पालकांसाठी. तुम्ही भरलेला कागद चुकला, तर ती तुमची चूक नाही. तुम्हाला जे विचारलं त्याचं तुम्ही उत्तर दिलंत.

आमच्या मैत्रिणीचा मुलगा आता शाळेत जातो. अजून बोलतो कमीच. मागच्या बैठकीला ती त्याला घेऊन आली होती. खिडकीबाहेर जेसीबी चाललेला. तो उठला, तिचा हात धरून तिला खिडकीपाशी घेऊन गेला आणि तिथे उभा राहिला. बोट दाखवलं नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. पण तिला तिथे नेलं होतं. आमच्यातल्या एकाने विचारलं, "हे फॉर्ममध्ये कुठे बसतं?" ती म्हणाली, "माहीत नाही. पण विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं. हे तो वीस महिन्यांचा असल्यापासून करतोय."

आता तुमचे प्रश्न घेऊ.